शिंग कललं म्हणजे आजार जुना झाला

प्रश्न सांगोला तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. त्यांचा नऊ वर्षांचा खिल्लार बैल दोन महिन्यांपासून सारखी मान झटकतो, डावं शिंग खांबाला घासतो. आता ते शिंग खाली कललंय आणि डाव्या नाकपुडीतून रक्ताळ शेंबूड येतोय. गावातले म्हणतात शिंगात कीड लागली. डॉक्टर म्हणतात कॅन्सर असावा, शिंग मुळापासून काढावं लागेल. शिंग काढावं का, शेजारी बांधलेल्या गाईला हा आजार लागेल का, आणि यावर औषध निघालंय की अजून नुसतं संशोधनच चालू आहे, असं त्यांनी विचारलंय.

आधी सरळ उत्तर. तुमच्या डॉक्टरांचा अंदाज मला बरोबर वाटतो. शिंग काढा आणि या आठवड्यात काढा. गाईला हा आजार बैलाकडून लागणार नाही. औषध आहे, पण ते शस्त्रक्रियेच्या जोडीला, शस्त्रक्रियेऐवजी नाही. संशोधनाबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण त्यात तुमच्या बैलाचाही वाटा असू शकतो.

शिंग बाहेरून भरीव दिसतं, पण मोठ्या जनावरात ते तसं नसतं. वर नखासारख्या पदार्थाची खोळ, तिच्या आत हाडाचा गाभा, आणि तो गाभा पोकळ. वासरू सहा-आठ महिन्यांचं झालं की कपाळातली हवेची पोकळी हळूहळू शिंगात शिरते. या पोकळीला आतून पातळ, ओलसर अस्तर असतं, नाकाच्या आत असतं तसंच. शिंगाचा कॅन्सर सुरू होतो तो या अस्तरात. म्हणजे बाहेर काही दिसायच्या कितीतरी आधी आत गाठ वाढत असते. ती हाड पोखरते, गाभा पोकळ खुंटासारखा कमकुवत होतो आणि मग शिंग स्वतःच्याच वजनानं कलतं. पोकळीचा रस्ता नाकात उतरतो, म्हणून आतला पू आणि रक्त त्याच बाजूच्या नाकपुडीतून बाहेर येतं. दोन्ही नाकपुड्यांतून येत असेल तर आधी सर्दी किंवा फुप्फुसाचा विचार करावा. एकाच बाजूनं येत असेल तर त्या बाजूच्या शिंगावर हात ठेवायचा.

हात ठेवून काय बघायचं तेही सांगतो. बोटाच्या पेरानं किंवा लाकडी मुठीनं दोन्ही शिंगांवर, मुळापासून चार बोटं वर, हलकेच टकटक करा. चांगल्या शिंगातून रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. गाठीनं भरलेल्या शिंगातून ओल्या भिंतीवर मारल्यासारखा भद्द आवाज येतो. मग मुळाशी बोट दाबा. तिथं गरम आणि मऊ लागतं, आणि दुखलं की बैल डोकं ओढून घेतो. शिंग कलायच्या महिना-दोन महिने आधी एवढं समजू शकतं. तुमचा बैल मान झटकत होता, शिंग घासत होता, तेव्हा तो हेच सांगत होता. तुम्हाला दोष देत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीवर असाच बैल दाखवायला आणला होता. शिंग सरळ होतं, फक्त एका नाकपुडीतून घाण येत होती. मी कपाळाच्या पोकळीतला जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकं चालू केली. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. असे तीन आठवडे मी घालवले. एके सकाळी शिंग गव्हाणीत गळून पडलं आणि मुळाशी फुलकोबीसारखं लालसर मांस बाहेर आलेलं दिसलं. तोवर कानाखालची गाठ लिंबाएवढी झाली होती. बैल वाचला नाही. आणि त्या मांसाचा तुकडाही मी तपासायला पाठवला नाही, दिसतंय ते उघड आहे असं समजलो. तेव्हापासून एका बाजूचं नाक वाहत असेल तर शिंग वाजवून बघितल्याशिवाय मी इंजेक्शनची सुई बाहेर काढत नाही.

आता शस्त्रक्रियेबद्दल. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं मूळ यांच्या मध्यावर, हाडाच्या कडेखालून शिंगाची नस जाते. तिथं बधिर करणारं इंजेक्शन देतात, शिंगाच्या मुळाभोवतीही देतात आणि गुंगीचं औषधही हलक्या मात्रेत देतात. गाई-बैलांना गुंगीचं हे औषध घोड्याच्या दहाव्या हिश्श्यातच पुरतं, म्हणून बैल अशक्त असेल तर डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगा. आदल्या दिवसापासून वैरण बंद ठेवा. मग शिंगाच्या मुळाभोवती कातडी कापून वर-खाली सोडवतात, तिचे दोन पदर तयार होतात आणि तारेच्या करवतीनं शिंग मुळाच्याही खालून, कवटीच्या पातळीला कापतात. तार घासून तापते, त्यामुळे लहान रक्तवाहिन्या थोड्या भाजून निघतात, मोठ्या मात्र चिमट्यानं पकडून बांधाव्या लागतात. शिंग निघालं की कपाळाची पोकळी उघडी पडते. तिच्यावर गॉजचा तुकडा धरला तर बैलाच्या श्वासाबरोबर तो हलताना दिसतो. अनेक मालकांना मी ते मुद्दाम दाखवतो. त्यानंतर त्या भोकात कुणी रॉकेल किंवा फिनेल ओतत नाही, कारण ते थेट बैलाच्या श्वासात जातं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

मग पोकळीतली सगळी गाठ खरवडून काढायची. खरं कौशल्य इथंच लागतं. शिंग कापणं सोपं आहे, पण कपाळात बोटभर आत शिरलेली गाठ मागे राहिली तर काही महिन्यांत ती टाक्यांतून डोकं वर काढते. शेवटी कातडीचे पदर एकमेकांवर आणून शिवतात. टाके दहा-बारा दिवसांनी निघतात. पावसाळा असेल तर माश्या बसू नयेत म्हणून जखमेच्या कडेला रोज औषध लावा. बैल किमान दीड-दोन महिने जुवाला लावू नका. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम वापरतात. कुणी डायक्लोफिनॅक दिलं तर नको म्हणा. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे.

शस्त्रक्रियेनंतर व्हिन्क्रिस्टिन देतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या झाडातून मिळणारं हे औषध 1963 पासून माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरात वापरात आहे. शिंगाच्या कॅन्सरवर आपल्याकडच्या पशुवैद्यकांनी ते वापरून बघितलं आणि त्याचा उपयोग होतो असं दिसलं. मात्रा दर किलो वजनाला 0.025 मिलीग्रॅम, आठवड्यातून एकदा, साधारण तीन वेळा. बाटली माणसांसाठी बनवलेली, 1 मिलीग्रॅमची. म्हणजे 400 किलोच्या बैलाला एका वेळी दहा बाटल्या. खर्चाचा अंदाज आधीच घ्या, कारण मधेच सोडलेला उपचार पैसे घालवतो आणि गाठ परत आणतो. हे औषध गळ्याच्या शिरेतच जायला हवं. थेंबभर बाहेर गळलं तर तिथली कातडी सडते. देणाऱ्यानं हातमोजे घालावेत, घरातल्या गरोदर बाईनं त्या वेळी जवळ थांबू नये आणि पुढचे दोन-तीन दिवस शेण-मूत उचलताना हातमोजे वापरावेत. गाईला दिलं असेल तर तिचं दूध वापरायचं नाही. आणि सदाफुलीचा पाला खायला घालून कॅन्सर बरा होत नाही, विषबाधा होते. हे लिहावं लागतं, कारण मी तसं केलेलं पाहिलंय.

अँटिमनीचं एक इंजेक्शनही आपल्याकडे चामखिळींवर आणि शिंगाच्या कॅन्सरवर सर्रास देतात. शिंग न काढता नुसत्या त्या इंजेक्शनवर बैल महिनाभर ठेवणं मला मान्य नाही. तो महिना गाठीला मिळतो. आणखी एक जुना प्रयोग म्हणजे त्याच बैलाची गाठ वाटून, फिनॉलनं निर्जीव करून त्यालाच टोचायची लस. आपल्या देशात त्यावर बरंच काम झालं. काही जनावरांत गाठ आक्रसल्याच्या नोंदी आहेत, पण सगळ्यांना सारखा गुण येत नाही आणि कुठल्या बैलाला येईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून ती दवाखान्यात रुळली नाही.

तुमच्या गाईबद्दल. शिंगाचा कॅन्सर संसर्गानं पसरत नाही. एका दावणीला बांधा, एका हौदावर पाजा, काही होत नाही. पण जनावरांचा एक कॅन्सर असा आहे जो विषाणूमुळे होतो आणि रक्तातून पसरतो, तो बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरसचा. 1969 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जेनिस मिलर आणि सहकाऱ्यांना हा विषाणू सापडला. लागण झालेल्या जनावरांपैकी शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांना पुढे गाठींचा कॅन्सर होतो, बाकीची आयुष्यभर धडधाकट दिसतात आणि विषाणू सांभाळत राहतात. एकाच सुईनं पंधरा गाईंना टोचलं, रक्ताळलेल्या चिमट्यानं एकामागून एक कानात बिल्ले मारले, तोच हातमोजा घालून पाच गाई तपासल्या की तो पसरतो. डेन्मार्कसारख्या देशांनी रक्त तपासून, लागण झालेली जनावरं वेगळी काढून तो हद्दपार केला. त्याला लस नव्हती आणि औषधही नव्हतं, फक्त शिस्त होती. लसीकरणाला माणूस आला की सुई बदला म्हणून सांगायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे.

आता संशोधनाकडे येतो. हा आजार प्रामुख्यानं आपला आहे. सुमात्रा, ब्राझील इथून तुरळक नोंदी आहेत, पण मोठ्या संख्येनं तो भारतातच दिसतो आणि तोही वशिंड असलेल्या देशी जनावरांत. म्हशीत क्वचित, विदेशी गाईत क्वचित. गुजरातच्या कांकरेज जातीच्या जनावरांत सगळ्यात जास्त. लांब, जाड शिंगांच्या पांढऱ्या जनावरांत तो अधिक दिसतो, म्हणून आपल्या खिल्लारनं सावध राहायला हवं. पुस्तकांत गोवंशात साधारण 1 टक्का प्रमाण दिलेलं असतं, पण रस्त्यापासून लांबच्या वस्तीवर मेलेल्या बैलाची नोंद कुठं होते? 1969 मध्येच नाईक, बालकृष्णन आणि रांदेलिया यांनी कुठल्या जातीत हा रोग किती, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रश्न तेव्हापासून समोर आहे. पश्चिमेकडच्या प्रयोगशाळा तो सोडवून देणार नाहीत, कारण त्यांच्या गोठ्यात तो नाही.

कारणांबद्दल जे बोललं जातं ते मी जरा चाळून सांगतो. गाई आणि वळूंपेक्षा तो बैलांत जास्त दिसतो, तोही पाच ते दहा वर्षांच्या वयात. त्यावरून दोन तर्क निघाले. एक, खच्चीकरणानं संप्रेरकांचा तोल जातो. दुसरा, जू, कासरा आणि शिंग साळण्यानं होणारी रोजची इजा. मला दोन्हींत तथ्य वाटतं, पण दोन्ही पुरे पडत नाहीत. आपल्याकडे जू मानेवर असतं, शिंगावर नाही. कधीही जुवाला न लागलेल्या गाईलाही हा आजार होतो. वळू तर गावात एखाद-दुसराच असतो, मग त्यांच्यात तो कमी दिसणारच. बैल मात्र आपण म्हातारा होईपर्यंत सांभाळतो आणि कॅन्सर वय मागतो. माझ्या मते अस्तराला वर्षानुवर्षं होणारी जळजळ, ऊन, वय आणि जातीत असलेलं काहीतरी, या सगळ्यांची ही मिळून मेहनत आहे. त्यातलं जातीतलं काहीतरी शोधण्याचं काम आणंदच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी हाती घेतलं. कॅन्सर झालेल्या शिंगाचं आणि निरोगी शिंगाचं ऊतक घेऊन कुठली जनुकं कुठं जास्त आणि कुठं कमी काम करतात याची मोजदाद त्यांनी केली आणि 2012 पासून ती प्रसिद्ध केली. यातून उद्या गाठ दिसायच्या आधी ओळखणारी एखादी चाचणी निघू शकते. पण त्यासाठी शेकडो बैलांचे नमुने लागतील, वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या जिल्ह्यांतले.

जनावर कुठं चरतं, त्याच्यावर काय काय होतं हे विचारल्याशिवाय असले प्रश्न सुटत नाहीत, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गाईंना घशाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होत असे. ग्लासगोचे विल्यम जॅरेट आणि सहकारी त्या शेतांवर गेले. त्यांना दिसलं की या गाईंच्या अन्ननलिकेत चामखिळी आहेत, त्या एका पॅपिलोमा विषाणूच्या, आणि कुरणात ब्रॅकन नावाचं नेचं माजलंय. 1978 मध्ये त्यांनी हा संबंध मांडला. विषाणू चामखीळ उगवतो, नेच्यातलं विष शरीराची प्रतिकारशक्ती खचवतं आणि चामखिळीचा कॅन्सर होतो. एकट्या विषाणूनं किंवा एकट्या नेच्यानं हे इतकं झालं नसतं. आपल्या हिमालयाच्या पायथ्याला गाईंच्या लघवीतून रक्त जातं, मूत्राशयात गाठी होतात, तिथंही हेच नेचं संशयित आहे. शिंगाच्या कॅन्सरची अशी जोडी अजून कुणाला सापडलेली नाही. ती माणदेशातल्या एखाद्या गोठ्यातच सापडायची आहे.

म्हणून तुमच्या बैलाचं शिंग उकिरड्यावर फेकू नका. शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टरांना सांगून दहा टक्के फॉर्मॅलिन भरलेली रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी तयार ठेवा. गाठीच्या मधला कुजका भाग नको, जिथं रोगट आणि चांगलं मांस एकमेकांना भिडतं तिथला नखाएवढा तुकडा घ्या. तुकड्याच्या दसपट द्रव हवा. बर्फात गोठवायचं नाही. बरणीवर जात, वय, कुठलं शिंग, कधीपासून त्रास हे पेन्सिलीनं लिहून चिकटवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळ, मुंबई, परभणी, उदगीर, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र विभाग आहेत. तिथं तुकड्याचा पातळ काप करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शिंगाच्या कॅन्सरात निळसर पेशींच्या मधे गुलाबी गोल दिसतात, कांदा आडवा कापल्यावर एकात एक कडी दिसावीत तसे. अस्तरातल्या बिघडलेल्या पेशी जागा मिळेल तिथं शिंगासारखाच पदार्थ साठवत बसतात, त्याचे ते गोल. ते दिसले की निदान पक्कं झालं, आणि व्हिन्क्रिस्टिनवर तुम्ही करणार असलेला खर्च अंदाजावर उभा राहिला नाही.

जनुकांच्या अभ्यासाला मात्र फॉर्मॅलिनमधला तुकडा फारसा कामाचा नसतो, ताजा तुकडा तत्काळ गोठवावा लागतो. हे खेड्यात कसं जमणार असं लोक विचारतात. पण कृत्रिम रेतनासाठी लागणारं द्रवनत्राचं, म्हणजे द्रव नायट्रोजनचं, भांडं आपल्या बहुतेक दवाखान्यांत असतं, उणे 196 अंशांचं. त्यात वीर्याच्या कांड्यांशेजारी गाठीचा एक छोटा तुकडा बंद नळीत राहू शकतो, महाविद्यालयाची गाडी येईपर्यंत. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, दवाखाना आणि महाविद्यालय यांच्यात एक फोन लागतो. मी माझ्या परीनं तो करतो आणि तुमच्याही डॉक्टरांना तसं विचारा असं माझं सांगणं आहे.

तुमच्या बैलाचं पुढं काय होईल हे दोन गोष्टींवर ठरेल. कानाखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात बोटं फिरवा. तिथं टणक, न सरकणारी गाठ लागली, किंवा त्या बाजूचा डोळा बाहेर आल्यासारखा दिसला, तर रोग शिंगापुरता राहिलेला नाही. अशा बैलाला शस्त्रक्रियेच्या यातना द्याव्यात का, हे डॉक्टरांशी बसून बोला. वेदना कमी ठेवून त्याला सांभाळणं हाही योग्य निर्णय असू शकतो. गाठ नसेल तर आशा चांगली आहे. एका शिंगाचे बैल मी वर्षानुवर्षं औत ओढताना पाहिलेत. खिल्लारचं शिंग गेल्यावर मालकाच्या डोळ्यांत काय येतं तेही पाहिलंय, आणि त्याला कमी लेखत नाही.

गोठ्यातल्या बाकीच्यांसाठी एवढं करा. दावं शिंगाला बांधू नका, मोरकी वापरा. बेंदराला शिंगं साळताना रक्त दिसेपर्यंत किंवा आतला मऊ भाग लागेपर्यंत तासू नका आणि शेंब्या, म्हणजे शिंगाच्या टोकावरच्या धातूच्या टोप्या, ठोकून घट्ट बसवू नका. संकरित गाय असेल आणि तिच्या डोळ्याभोवती पांढरी कातडी असेल, तर डोळ्याच्या कोपऱ्यात, तिसऱ्या पापणीवर गुलाबी फोड दिसतो का बघत राहा. तोही कॅन्सर असू शकतो, आणि वाटाण्याएवढा असताना काढला तर डोळा वाचतो.

टाके निघाल्यावर दर महिन्याला बैलाच्या कानाखाली बोटं फिरवा, जखमेच्या जागी दाबून बघा, आणि उजव्या शिंगावरही टकटक करा. रिकाम्या डब्याचा आवाज येतोय ना, तो कान देऊन ऐका.